गावी नाही

लग्नाच्या मांडवात साळुंख्यांच्या घरच्यांनी ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्या मुलानं अंगठीनं त्यावर नवं नाव लिहिलं: ईश्वरी. बायकांनी वाकून वाचलं. कुणीतरी "छान आहे गं" म्हणालं. फोटोवाल्यानं पुन्हा एकदा लिहायला लावलं. आणि प्रांजल प्रकाश शिंदे नावाची बावीस वर्षांची मुलगी तिथल्या तिथं संपली. आमच्याकडे मुलीची तिन्ही नावं एका दुपारीत बदलतात. स्वतःचं जातं, बापाचं जातं, आडनाव जातं. फरार आरोपीसुद्धा इतकं नाव बदलत नाही.

शालन, म्हणजे प्रांजलची आई, मांडवाच्या खांबाला टेकून हे बघत होती. विधवा होती म्हणून लांब उभी होती. साल दोन हजार एक्केचाळीस चालू होतं, माणसं चंद्रावर खड्डे खणत होती, आणि विधवा आई मांडवात खांबापाशीच उभी होती.

शालन कासरवाडीची सेविका. कासरवाडी म्हणजे पाटणच्या वरच्या अंगाला घाटात चिकटलेली साठ घरं. त्या साठ घरांतल्या प्रत्येक माणसाची आरोग्याची फाइल तिच्या कामाच्या फोनमध्ये होती. योजनेचं नाव ‘कुटुंबछत्र’. एका घराला एक घरफोन, तो कुटुंबप्रमुखाच्या खिशात. घरातल्या प्रत्येकाच्या छातीवर, गळपट्टीच्या हाडाखाली, पोस्टाच्या तिकिटाएवढी एक पट्टी. कुणाला काय झालंय, आधी काय झालं होतं, कुणाची पाळी चुकली, कुणाची गोळी चुकली, सगळं त्या एका फोनवर दिसायचं. ज्यांनी ही योजना आखली त्यांच्या घरी माणशी दोन फोन होते, आणि प्रत्येकाच्या खोलीला आतून कडी होती. त्यांना वाटलं, कुटुंब म्हणजे सगळे एकमेकांच्या काळजीत असलेले लोक. सून सासऱ्यापासून काय काय लपवून जगते, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही.

कायदा मात्र होता. लग्नाआधी मुलीची फाइल सासरच्या कुणी बघायची नाही, मागायचीसुद्धा नाही. पण लग्न झालं की मुलगी नव्या घरात आणि तिची फाइल तिच्या मागोमाग सासऱ्याच्या फोनात. म्हणजे हळदीपर्यंत गुपित आणि सत्यनारायणाला जाहीर. वरच्या आळीतल्या हर्षदा पवारला लहानपणी फिट यायच्या. पाचवीत असताना शेवटची आली होती. लग्नानंतर सोळाव्या दिवशी तिच्या सासूनं ते ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं. सतराव्या दिवशी हर्षदा, तिचं कपाट आणि मिक्सर एकाच टेम्पोतून कासरवाडीत परत आले.

प्रांजलच्या लग्नाला नऊ दिवस झाले होते. शालन उपकेंद्राच्या ओसरीत बसली होती, समोर बाळांच्या लसींचा डबा उघडा होता, आणि फोन थरथरला.

‘ईश्वरी यशराज साळुंखे आणि प्रांजल प्रकाश शिंदे. चेहरा जुळतो, नाव जुळत नाही. या दोन व्यक्ती एकच आहेत का?’

खाली दोन चौकोन. हो. नाही.

हा प्रश्न मुलीच्या माहेरच्या सेविकेला विचारायचा असा नियम होता, कारण मुलीला लहानपणापासून ओळखणारं माणूस तेच. ती सेविका त्या मुलीची आईच असू शकते, हे नियम लिहिणाऱ्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

शालनच्या डोळ्यांपुढे टेम्पो आला. टेम्पोत उभं केलेलं कपाट, त्याच्या आरशात हलणारं आभाळ.

तिनं ‘नाही’ दाबलं आणि लसींचा डबा बंद केला.

---

प्रांजल नऊ वर्षांची असताना तिचे गुडघे सुजले. आधी घसा दुखला होता, त्याकडे कुणी बघितलं नाही. घशात आलेल्या जंतूशी लढायला शरीर सैन्य सोडतं, आणि एखाद्या पोराच्या बाबतीत ते सैन्य चुकतं. जंतू सोडून हृदयाच्या झडपेला चावत सुटतं. झडप म्हणजे हृदयातल्या दोन खोल्यांमधलं दार. ते दार प्रांजलच्या हृदयात जाड झालं आणि अर्धवटच उघडायला लागलं. दुखणं पुन्हा उलटू नये म्हणून दर एकवीस दिवसांनी कमरेत एक इंजेक्शन. घट्ट, पांढरं, जीव जाईल असं दुखणारं.

बाप ती सहावीत असताना गेला. पण एकवीस दिवस चुकले नाहीत. शालन तिला एसटीनं खाली तालुक्याला न्यायची. इंजेक्शन झालं की पोरगी एक पाय ओढत स्टँडपर्यंत यायची आणि तिथं ओली भेळ खायची. "आई, कांदा जास्त सांग," असं रडत रडत म्हणायची. बारा वर्षांत दोनशे इंजेक्शनं आणि दोनशे भेळी झाल्या. शालन सेविका झाली तीसुद्धा त्यामुळेच. दवाखान्यात इतकी बसलेली बाई, डॉक्टर म्हणाले, अर्ज कर.

एकवीस दिवसांची ती आठवण लग्नानंतरही शालनच्या फोनवर येत राहिली. ‘प्रांजल प्रकाश शिंदे. इंजेक्शनची तारीख.’ खाली चार चौकोन: दिले. नकार. गावी नाही. मृत.

पहिले दोन महिने काहीतरी निमित्त काढून पोरगी माहेरी आली, इंजेक्शन घेऊन गेली. तिसऱ्या खेपेला सासूनं विचारलं, "एवढं काय गं सारखं माहेर? तिकडं काय गाय व्यालीय?" मग ते थांबलं. आठवण आली की शालन ‘गावी नाही’ दाबायची. खोटं नव्हतं. पोरगी खरंच गावी नव्हती.

आणि मनाला सांगायला तिच्याकडे एक भक्कम गोष्ट होती. पट्टी. चोवीस तास पोरीच्या काळजाला कान लावून बसलेली पट्टी. काही झालंच तर लाल होईल. लाल झाली की दवाखान्याची गाडी आपोआप निघते.

आता ही पट्टी नेमकं काय करते ते सांगायला पाहिजे, कारण इथंच सगळं फसलं.

जुनी यंत्रं माणसाची तुलना सरासरीशी करायची. सरासरी म्हणजे कुठल्यातरी परगावच्या हजार माणसांची गोळाबेरीज. कष्ट करणाऱ्या बाईची नाडी मंद असायची तर यंत्र बोंबलायचं, आणि खरं दुखणं असलं की गप्प बसायचं. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की प्रत्येक हृदयाला स्वतःची चाल असते. ओळखीचं माणूस जिन्यावर आलं की आपण पावलांवरून ओळखतो, तसं. म्हणून नवी पट्टी पहिले नव्वद दिवस काहीच बोलायची नाही. नुसती ऐकायची. ठोका, ठोक्यामागचा आवाज, श्वास, झोप. नव्वद दिवसांत ती माणसाची चाल पाठ करायची. नंतर चाल बिघडली तरच बोलायची. थोडी बिघडली तर पिवळी, जास्त बिघडली तर लाल. या शोधानं हजारो जीव वाचवले, ते खोटं नाही.

पण ईश्वरी यशराज साळुंखे ही यंत्राच्या लेखी नवी कोरी बाई होती. आजार नाही, इतिहास नाही. सासरी लावलेल्या नव्या पट्टीनं तिचं हृदय नव्वद दिवस ऐकलं. अर्धवट उघडणाऱ्या दाराची घरघर ऐकली. आणि पाठ केली. ही हिची चाल, असं लिहून ठेवलं. प्रांजलच्या फाइलीत एक शब्द होता, ‘झडप’. तो शब्द यंत्राला मिळाला असता तर गरोदर राहिल्याच्या दिवशीच पट्टी लाल झाली असती. तो शब्द कासरवाडीत राहिला आणि पोरगी सासरी गेली.

---

पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं, साळुंख्यांनी हिरवी साडी नेसवून, फुलांच्या वाडीत बसवून, दणक्यात केलं. मग यशराज तिला कासरवाडीत सोडून गेला. गोरा, मितभाषी पोरगा, दूध संघात यंत्रं दुरुस्त करायचा. जाताना उंबऱ्यात घुटमळला. "मामी, काही वाटलं तर फोन करा. पट्टी आहेच म्हणा," म्हणाला आणि गेला.

आठव्या महिन्यात प्रांजलला उताणं झोपवेना. पाठीला दोन उश्या लागायच्या, मग तीन. जिन्याच्या चार पायऱ्या चढली की धाप.

"बघू पट्टी," शालन म्हणायची.

"हिरवीये, आई. मी पण हिरवी, पट्टी पण हिरवी. साडीच्या जाहिरातीतली नटी झालीये मी."

शालनच्या कामाच्या फोनवर लिहिलेलं यायचं: ‘गरोदरपणात थोडी धाप नेहमीची आहे. डाव्या कुशीवर झोपा.’ पोटात मूल असताना अंगातलं रक्त दीडपट होतं, हे यंत्राला शिकवलेलं होतं. त्यामुळे गरोदर बाईच्या हृदयाला ते तेवढी सूट द्यायचं. दीडपट रक्त त्या अर्ध्या दाराशी येऊन तुंबत होतं आणि मागं फुप्फुसात उतरत होतं. रोज थोडं. इतकं थोडं की यंत्र रोजच्या रोज त्यालाही चाल समजत गेलं.

एका सकाळी शालन तिच्यापाशी बसली. हातात कामाचा फोन होता.

"प्रांजे, मी हो दाबते गं. दुरुस्ती करता येते. जोडते तुझ्या दोन्ही फायली."

"नको!" पोरगी उश्यांवरून उठली. "अगं, बाबांच्या फोनवर जाईल. सासूबाई सकाळी आधी तो फोन बघतात, मग देवाला हात जोडतात."

"जाऊ दे गेलं तर."

"आता? पोटात हे असताना? तेव्हाच का नाही दाबलंस मग?" ती बोलून गेली. मग आईचा चेहरा बघून तिचा हात धरला. "तसं नाही गं. बाळंत होऊ दे. नातू बघितला की माणसं सगळं विसरतात. महिना राहिलाय फक्त."

"यशराजला काही बोलली नाहीस ना?"

प्रांजलनं पाठीमागची उशी सरळ केली. "तूच शपथ घातली होतीस ना. तुझ्या गळ्याची."

शालननं फोन बाजूला ठेवला. आईसारखी वागली ती. आई म्हणून सगळं चुकीचं करता येतं, कुणी अडवत नाही.

---

त्यानंतर सहाव्या दिवशी, मंगळवारी, दुपारी साडेतीनला प्रांजल दारात बसून खोकत होती. चौकटीला धरून, पुढं वाकून. शालन पाणी घेऊन आली तर पोरीच्या ओठाला फेस होता. गुलाबी.

पट्टी पिवळी होती.

शालननं गाडीसाठी फोन लावला. गोड आवाजात उत्तर आलं, "आपल्या रुग्णाची स्थिती स्थिर आहे. लाल इशारा नसल्यामुळे वाहन राखून ठेवता येत नाही. सेविकेशी संपर्क साधा."

"मीच सेविका हाय!" ती ओरडली. आवाजानं पुन्हा तेच सांगितलं. हा पाठही कुणीतरी बसवला असणार, पगार घेऊन.

मग तिनं जुन्या नोंदीची दुरुस्ती उघडली. या दोन व्यक्ती एकच आहेत का? हो. हो. हो. तीनदा दाबलं. तीन पन्नास झाले होते, फोनच्या कोपऱ्यात दिसत होते.

‘जोडणीसाठी सध्याच्या कुटुंबप्रमुखाची संमती आवश्यक. विनंती पाठवली आहे.’

सध्याचा कुटुंबप्रमुख म्हणजे व्याही. नेताजीराव साळुंखे. तिनं फोन लावला. तिसऱ्या रिंगला उचलला. मागं लाउडस्पीकर चालू होता, दूध संघाची वार्षिक सभा होती, कुणीतरी दुधाला फॅट लागत नाही म्हणून तावातावानं बोलत होतं.

"बोला ताई! काय, आजोबा झालो काय आम्ही?"

"नाही, पाव्हणं… तुमच्या फोनवर एक विनंती आलीय बघा. तेवढी मान्य करा."

"कसली विनंती?"

शालननं प्रांजलकडं बघितलं. पोरीला बोलायला श्वास नव्हता. पण ती मान हलवत होती. नको. नको. डोळे मोठे झालेले, आणि मान हलतेय, नको.

"कसली ओ ताई? इथं काय ऐकू येत नाही."

अकरा वर्षांच्या नोकरीत शालननं किती दारांत उभं राहून सांगितलं होतं, बाई गं, लपवू नकोस. क्षय लपवू नकोस, अंगावरचं पांढरं लपवू नकोस, नवरा मारतो ते लपवू नकोस. आता तिला एकच वाक्य बोलायचं होतं. माझ्या लेकीच्या काळजाची झडप लहानपणापासून खराब आहे. एवढंच. ते घशापर्यंत आलं. आणि टेम्पो आला. कपाट आलं.

"काय नाही," ती म्हणाली. "कागदपत्राचं काम हाय. नावाचं."

"हात्तिच्या! मग घरी गेल्यावर बघतो की संध्याकाळी. चष्मा पण नाही आणला. पोरगी बरी हाय न्हवं?"

"हाय," शालन म्हणाली.

हाय.

फोन ठेवला तेव्हा तिला स्वतःचीच किळस आली, पण किळस करत बसायला वेळ नव्हता. ती अनवाणी उपकेंद्राकडे पळाली. थोरात सिस्टर म्हणजे निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली जाडी बाई, आता तिचं काम पट्ट्या बदलायचं. ती धापा टाकत आली, प्रांजलकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "हिला आधी काय होतं?"

"झडप," शालन म्हणाली. किती सोपा शब्द. "नऊ वर्षांची असल्यापासून."

सिस्टरनं उपकेंद्रातल्या कपाटाच्या वरच्या कप्प्यातून आणलेली जुनी छातीला लावायची नळी कानात घातली. गेल्या पाच वर्षांत तिला कुणी हात लावला नव्हता. तिनं ऐकलं. अर्धा मिनिट.

"शालन," ती हळू म्हणाली, "अगं, हे तर बहिऱ्याला पण ऐकू येईल."

हिरव्या मिरचीची पोती उतरवत असलेली एक पिकअप मिळाली. मागं गादी टाकली, पोरीला बसतं धरलं, आडवी केली असती तर बुडाली असती. सिस्टरनं जवळ होतं नव्हतं ते औषध दिलं. घाटाच्या तिसऱ्या वळणावर प्रांजल म्हणाली, "आई, खिडकी उघड." पिकअपला मागं खिडकी नसते. चारही बाजूंनी वारा होता.

साडेपाचच्या आत, तालुक्याचं गाव लागायच्या आधी, ती गेली. दवाखान्यात पोट फाडून मुलगी काढली, तीसुद्धा तशीच होती. यंत्रानं नियमाप्रमाणे तिची फाइल उघडली आणि पाच मिनिटांत बंद केली. नाव: ईश्वरीचे बाळ.

---

चौकशीला दोन साहेब आले. सभ्य होते, चहा घेतला नाही. अहवालात त्यांनी लिहिलं: पूर्वइतिहास नाही. पट्टी व्यवस्थित. मृत्यू टाळता येण्याजोगा नव्हता.

"पूर्वइतिहास आहे," शालन म्हणाली. "ती माझी प्रांजल होती. मी ‘नाही’ दाबलं होतं. लिहा तसं."

एक साहेब फोनमध्ये बघून म्हणाले, "मावशी, तुमची जोडणीची विनंती प्रलंबित आहे. जोडणी होत नाही तोपर्यंत तो इतिहास या पेशंटचा धरता येत नाही. मृत्यूची नोंदसुद्धा पडताळणीतच आहे अजून."

"मंग कधी धरणार?"

"संमती आली की."

दुसरे साहेब जरा वयस्क होते. ते मागं थांबले, आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, कशाला स्वतःला अडकवताय? असं लिहिलं तर जिल्ह्यातल्या सगळ्या लग्न झालेल्या पोरींच्या फायली उकराव्या लागतील. कितीजणी दोन-दोन नावांनी निघतील, देवाला माहीत." आणि गेले. शालननं त्यांच्या पाठीकडे बघितलं. आपल्यासारख्याच आणखी आया आहेत, प्रत्येक गावात एखादी, ‘नाही’ दाबून बसलेली, हे तिला त्या दिवशी कळलं.

तेराव्याला ती खाली साळुंख्यांकडे गेली आणि परत आली. तिथं तिला कुणी काही विचारलं नाही. विहीणबाई गळ्यात पडून रडल्या. बोलायचं म्हणून गेलेली शालन न बोलताच आली.

त्यानंतर आठवड्यानं, सकाळी अकराच्या सुमाराला, यशराज मोटरसायकलवरून वर आला. पिशवीत प्रांजलच्या वस्तू होत्या. दोन साड्या, तिचा कंगवा, आणि एक स्टीलचा डबा, जो शालननं चिवड्यासाठी दिला होता. डबा घासून, पुसून आणला होता.

तो बसला. पाणी प्यायला. मग खिशातून घरफोन काढून मध्ये ठेवला.

"बाबांनी हा फोन टाकून दिलाय. म्हणतात, मला हात लावायचा नाही. कुटुंबप्रमुख म्हणून माझं नाव लावलं." तो थांबला. "यात एक विनंती पडलीय, मामी. त्या दिवशीची. तीन पन्नासची. प्रांजल प्रकाश शिंदे."

लग्नानंतर तिच्या सासरच्या कुणाच्या तोंडून शालननं ते नाव पहिल्यांदा ऐकलं.

तिनं सगळं सांगितलं. गुडघे, इंजेक्शन, भेळ, टेम्पो, ‘नाही’. सभेतला फोनसुद्धा. ‘हाय’ म्हणाली तेसुद्धा. सांगताना रडली नाही. रडण्याचा हक्क नाही असं तिला वाटत होतं.

यशराजनं मान वर केली नाही. "मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"झडपेचं. साखरपुड्याआधी तिनं सांगितलं होतं. म्हणाली, लग्न मोडायचं तर आत्ता मोड. मी म्हटलं, नाही मोडत. फक्त घरी सांगू नको. तुझ्या आईलाही सांगू नको की मला सांगितलंस, त्यांना वाईट वाटेल." तो डब्याच्या झाकणाशी चाळा करत होता. "धाप लागायची तेव्हा मी पट्टी बघायचो. हिरवी असायची. मला वाटलं, बाबांच्या फोनवर तुम्ही कसंतरी झाकलंय, पण आत यंत्राला माहीत असणार. त्याला सगळंच माहीत असतं ना."

दोघं एकाच उशाशी बसले होते, एकाच पोरीचा श्वास मोजत होते, आणि दोघांनी एकमेकांपासून तीच गोष्ट लपवली होती. दोघांनी ती यंत्रावर सोडली होती. आणि ती गोष्ट ठाऊक नसलेलं त्या घरात एकच होतं, यंत्र.

"पाव्हणं काय म्हणाले असते?" तिनं विचारलं. "त्या दिवशी मी सांगितलं असतं तर?"

यशराजनं बराच विचार केला. खोटं बोलणारा पोरगा नव्हता, हेच वाईट होतं.

"ओरडले असते," तो म्हणाला. "फसवलं म्हणाले असते. दोन-चार महिने तुमच्याशी बोलले नसते." मग म्हणाला, "पण दाबलं असतं, मामी. सभेतून उठून, कुणाचा तरी चष्मा मागून दाबलं असतं."

बाहेर कोंबड्या उकरत होत्या.

"मी दाबू?" त्यानं विचारलं. "निदान लिहिलं तरी जाईल. काय होतं तिला ते."

"दाब."

त्यानं ‘मान्य’ दाबलं. अकरा चाळीस. घरफोनवर एक गोल फिरला आणि दोन्ही फायली एक झाल्या. जुनी फाइल ती मूळ, असा नियम. ईश्वरी त्यात विरघळून गेली आणि प्रांजल प्रकाश शिंदे वर आली, मुक्काम कासरवाडी. झडप: खराब. गरोदर: चौतीस आठवडे. मृत्यू: पडताळणीत. यंत्रानं हे सगळं एकत्र वाचलं, पहिल्यांदा. शालनच्या कामाच्या फोनवर लाल पट्टा उमटला, मोठ्ठा, संबंध पडदाभर.

ते दोघं त्याकडे बघत राहिले. काय होतंय ते त्यांना कळलं नाही. कळलं तेव्हा खालच्या वळणावर भोंगा वाजत होता.

गाडी थेट अंगणात आली. पांढरी, नवी, काचा चकचकीत. दार सरकलं आणि निळ्या कपड्यातली एक मुलगी खाली उतरली, बावीस-तेवीसची असेल, केस घट्ट बांधलेले. तिच्या हातात प्राणवायूचा मुखवटा तयार होता. मागं स्ट्रेचर, त्यावरच्या गादीचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

"पेशंट कुठाय मावशी? प्रांजल शिंदे? बसती ठेवलीय ना? आडवी करू नका हां, झडपेचा पेशंट आहे!"

सगळं बरोबर बोलत होती पोरगी. एकेक शब्द बरोबर.

शालन उंबऱ्यात उभी होती. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. बारा वाजून दोन मिनिटं.

"बावीस मिनिटं," ती म्हणाली.

"हो मावशी, घाट आहे ना. पेशंट कुठाय?"

यशराज मधे आला. त्यानं हळू आवाजात काहीतरी सांगितलं. मुलीच्या हातातला मुखवटा खाली आला. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग शालनकडे, मग पिशवीतून डोकावणाऱ्या हिरव्या साडीकडे.

"मला… मला फेरी बंद करायला काहीतरी दाबावं लागतं," ती चाचरत म्हणाली. तिच्याही फोनवर तेच चार चौकोन होते: दिले, नकार, गावी नाही, मृत. शालनचा चेहरा बघून तिला दया आली असावी. "मी ‘गावी नाही’ दाबते मावशी. म्हणजे तुम्हाला कुणी त्रास देणार नाही."

शालन पायरी उतरून खाली आली. तिनं त्या पोरीचं मनगट धरलं.

"ते नको," ती म्हणाली. "ते मी वर्षभर दाबलंय."

आणि तिच्या हातातला फोन घेऊन, चष्मा नव्हता म्हणून डोळ्यांपाशी नेऊन, तिनं शेवटचा चौकोन शोधला आणि दाबला.